इन, ऑन, ॲट आणि कुठे काहीच नको: इंग्रजी वापराविषयी वाचकांचे प्रश्न

या अंकासाठी आम्ही मुद्दाम शब्दयोगी अव्ययांविषयीची पत्रे निवडली आहेत. मराठीत प्रत्यय नामाला चिकटतो. इंग्रजीतला हा छोटा शब्द मात्र बऱ्याचदा आधीच्या क्रियापदाचे किंवा विशेषणाचे ऐकतो, आणि गोंधळ सुरू होतो तो तिथूनच. चुकांतही दोन जाती आहेत: काही अर्थच फिरवतात, काही नुसत्या कानाला खटकतात. पहिल्या जातीच्या चुकांना आम्ही जास्त जागा दिली आहे.

प्रश्न: आमच्या कचेरीच्या सूचनेत मी 'सबमिट द फॉर्म अंटिल टेन जून' असे लिहिले. साहेबांनी 'बाय टेन जून' हवे म्हणून ती परत पाठवली. मराठीत दोन्हीला 'दहा जूनपर्यंत' असेच म्हणतात ना? मग फरक कसला?
(कारकून, म्हापसा)

उत्तर: साहेबांचे बरोबर आहे, आणि ही चूक अर्थ फिरवणारी आहे. मराठीतले 'पर्यंत' दोन कामे करते. 'दुकान आठपर्यंत उघडे असते' म्हणताना एक स्थिती आठ वाजेपर्यंत अखंड चालू राहते. 'अर्ज दहा तारखेपर्यंत द्या' म्हणताना काम एकदाच व्हायचे आहे आणि ते त्या मुदतीत केव्हाही झाले तरी चालते. इंग्रजीत पहिल्याला 'अंटिल' किंवा 'टिल', दुसऱ्याला 'बाय'. तुमची सूचना जशीच्या तशी वाचली तर दहा तारीख उजाडेपर्यंत रोज अर्ज देतच राहायचे, असा अर्थ निघतो.

ओळखायला सोपी कसोटी आहे. मराठी वाक्यात 'पर्यंत'च्या जागी 'च्या आत' घालून पाहा. 'अर्ज दहा तारखेच्या आत द्या' हे चालते, म्हणून 'बाय'. 'दुकान आठच्या आत उघडे असते' हे चालत नाही, म्हणून 'अंटिल'. नकारार्थी वाक्यात जरा जपून. 'द ऑफिस विल नॉट ओपन अंटिल मंडे' म्हणजे सोमवारी उघडेल. 'द ऑफिस विल नॉट ओपन बाय मंडे' म्हणजे सोमवार आला तरी उघडलेले नसेल. एका शब्दाने माणूस सोमवारी कचेरीत येईल की येणार नाही, हे ठरते.

मुदतीत शेवटचा दिवस धरायचा की नाही, यावरून भांडणे होतात. निविदा, फी, जाहिरात अशा ठिकाणी नुसत्या 'बाय'वर विसंबू नका. 'ऑन ऑर बिफोर टेन जून' लिहा, आणि वेळ महत्त्वाची असेल तर 'बाय फाइव्ह पीएम ऑन टेन जून'. सवलत दहा तारखेलाही चालू राहणार असेल तर 'अप टु अँड इन्क्लुडिंग टेन जून' लिहिले की वादाला जागा उरत नाही.

'पर्यंत'चे आणखी दोन अवतार: जागेसाठी 'ॲज फार ॲज' आणि आकड्यासाठी 'अप टु'. 'ही बस बाणस्तारीपर्यंतच जाते' याचे इंग्रजी 'धिस बस गोज ओन्ली ॲज फार ॲज बाणस्तारी'. इथे 'अंटिल' घातले तर ऐकणारा थबकेल. 'वीस जणांपर्यंत सोय आहे' यासाठी 'अप टु ट्वेंटी पीपल'.

'सात दिवसांत' हाही असाच दुहेरी. 'विदिन सेव्हन डेज' म्हणजे सात दिवस संपायच्या आत, उद्यासुद्धा. 'इन सेव्हन डेज' म्हणजे आजपासून सात दिवसांनी. पैसे परत करण्याच्या पत्रात 'विदिन'च लिहा.

प्रश्न: मुलगी चौथीपर्यंत मराठी शाळेत होती, पाचवीपासून माध्यम इंग्रजी. तिने निबंधात 'आय ॲम लर्निंग डान्स सिन्स थ्री इयर्स' लिहिले आणि बाईंनी लाल रेघ मारली. नेमके काय चुकले ते तिला कसे समजावू?
(पालक, वाळपई)

उत्तर: त्या एका वाक्यात दोन चुका आहेत, आणि दोन्ही मराठीतून सरळ उचललेल्या आहेत. गोव्यातल्या सरकारी प्राथमिक शाळांतून बहुतेक मुले मराठी किंवा कोंकणीतून येतात आणि पाचवीला एकदम इंग्रजीत पडतात. त्यामुळे लाल रेघेपेक्षा कारण सांगितलेले त्यांना जास्त उपयोगी पडते.

पहिली चूक 'सिन्स'ची. 'पासून' आपण दोन्हीला लावतो: 'सोमवारपासून' आणि 'तीन वर्षांपासून'. सोमवार हा सुरुवातीचा बिंदू आहे, तीन वर्षे ही लांबी आहे. इंग्रजी त्यांना वेगळे ठेवते. बिंदूला 'सिन्स', लांबीला 'फॉर'. तिला कागदावर आडवी रेघ काढून दाखवा. रेघेच्या डाव्या टोकावर 'सिन्स' लिहा, रेघेच्या वर, मधोमध, 'फॉर' लिहा. मग तिनेच शब्द वाटावेत: चतुर्थी, दोन तास, २०२२, खूप दिवस, सकाळ, एक आठवडा. 'खूप दिवस'पाशी मुले हमखास अडतात. तीही लांबीच आहे, म्हणून 'फॉर अ लाँग टाइम'.

दुसरी चूक काळाची. 'मी तीन वर्षे नाच शिकते' हे मराठीत वर्तमानकाळात बसते. पूर्वी सुरू होऊन अजून चालू असलेल्या गोष्टीला इंग्रजी 'हॅव' किंवा 'हॅज' मागते. म्हणून 'आय हॅव बीन लर्निंग डान्स फॉर थ्री इयर्स'. लाल रेघ पाहून मुले बहुधा 'सिन्स'चे 'फॉर' करतात आणि 'आय ॲम लर्निंग' तसेच ठेवतात, म्हणजे अर्धी चूक राहते. दोन्ही एकत्रच दुरुस्त करायची सवय लावा.

तिसरा शब्द 'फ्रॉम'. तो पुढे सुरू होणाऱ्या गोष्टीला किंवा 'इथून तिथपर्यंत' असे दोन्ही टोकांनी सांगायला. 'स्कूल विल स्टार्ट अर्लियर फ्रॉम मंडे', 'फ्रॉम नाइन टु वन'. 'आय हॅव बीन हिअर फ्रॉम मॉर्निंग' नको, तिथे 'सिन्स मॉर्निंग'.

जाता जाता दोन किरकोळ गोष्टी. विषयात हुशार असणे म्हणजे 'गुड ॲट मॅथ्स', गुण मात्र 'मार्क्स इन मॅथ्स'. आणि आपण परीक्षा देतो, इंग्रजीत विद्यार्थी परीक्षा 'टेक' करतो किंवा तिला 'सिट' करतो. 'गिव्ह' करतात त्या बाई.

प्रश्न: मी रोज फेरीबोटीने आणि मग बसने कॉलेजला जाते. 'इन द बस' की 'ऑन द बस'? आणि 'आय लिव्ह इन चोडण' की 'ऑन चोडण'?
(विद्यार्थिनी, चोडण)

उत्तर: आत उभे राहून चार पावले चालता येते अशा वाहनाला 'ऑन': बस, रेल्वे, विमान, फेरीबोट, जहाज. वाकून आत बसावे लागते त्याला 'इन': कार, टॅक्सी, रिक्षा, होडी. ज्याच्यावर टांग टाकून बसतो त्याला पुन्हा 'ऑन': सायकल, स्कूटर, पायलटची (भाड्याने माणसे नेणाऱ्याची) मोटारसायकल. चढणे-उतरणेही याच हिशेबाने. बसला 'गेट ऑन' आणि 'गेट ऑफ', टॅक्सीला 'गेट इन' आणि 'गेट आउट ऑव्ह'. तुमच्या फेरीत दोन्ही एकाच वाक्यात सापडतील: 'आय वॉज इन द कार ऑन द फेरी'.

'इन द बस' ही घोर चूक नव्हे. बसच्या आतल्या बाजूवर भर असेल तर चालते, उदाहरणार्थ बसच्या आत पाणी गळत असेल तर. प्रवासाविषयी बोलताना मात्र 'ऑन'.

'बाय' लावलात तर पुढे 'द', 'अ', 'माय' काही येत नाही: 'बाय फेरी', 'बाय बस', 'बाय कार'. 'बाय माय स्कूटर' चुकीचे, 'ऑन माय स्कूटर' म्हणा. पायी जाणे 'ऑन फुट'.

चोडण, दिवाडी अशा लहान बेटांना बेट म्हणून पाहिले तर 'ऑन': 'आय लिव्ह ऑन चोडण आयलंड'. तुमच्या गावाचे नाव म्हणून घेतले तर 'इन चोडण'. दोन्ही बरोबर. देशाएवढे बेट असले की 'इन': 'इन श्रीलंका'.

प्रश्न: पत्त्यात 'ऑपोझिट टु चर्च' लिहितो. कुरिअरवाला नेहमी चर्चच्याच आवारात जाऊन फोन करतो.
(दुकानदार, मडगाव)

उत्तर: 'टु' काढा. जागा सांगताना नुसते 'ऑपोझिट द चर्च'. पण कुरिअरवाल्याचा घोटाळा बहुधा दुसऱ्याच शब्दाने होतो. फोनवर तुम्ही 'इन फ्रंट ऑव्ह द चर्च' म्हणत असाल तर तो चर्चच्या दाराशीच जाणार. मराठी 'समोर' दोन्हीकडे चालते. इंग्रजीत 'इन फ्रंट ऑव्ह' म्हणजे त्याच बाजूला, इमारतीच्या पुढ्यात. 'ऑपोझिट' म्हणजे रस्ता ओलांडून पलीकडे, तोंडासमोर. बसथांबा चर्चच्या भिंतीला लागून असेल तर पहिले, तुमचे दुकान पलीकडच्या फुटपाथवर असेल तर दुसरे. वाट सांगताना 'बिफोर द चर्च' म्हणजे चर्च यायच्या आधी.

'निअर'लाही 'टु' नको: 'निअर द मार्केट'. 'क्लोज टु' आणि 'नेक्स्ट टु' यांना मात्र हवाच. बाकी पत्त्याचा क्रम मोठ्या जागेपासून नेमक्या ठिकाणापर्यंत असा लक्षात ठेवा: शहराला 'इन', रस्त्याला 'ऑन', क्रमांकाला किंवा ठरावीक ठिकाणाला 'ॲट'. 'इन पणजी', 'ऑन एटीन जून रोड', 'ॲट द बस स्टँड'. पणजी स्वतः मांडवीच्या काठावर आहे, तेव्हा 'पणजी इज ऑन द मांडवी'. नदी म्हणजे रेघच की.

प्रश्न: घरच्या तीन खोल्या पर्यटकांना देतो. फलक रंगवायला देण्याआधी मजकूर तपासून हवा: 'रूम्स ऑन रेंट. वॉकेबल डिस्टन्स टु बीच. ब्रेकफास्ट इन्क्लुडेड इन्टु रेंट. चेक-आउट टिल इलेव्हन. स्कूटर ऑन हायर. डिस्काउंट फॉर लाँग स्टे टेन पर्सेंट. फॉर बुकिंग कॉन्टॅक्ट टु ओनर.'
(होमस्टेचालक, मोरजी)

उत्तर: रंग लागायच्या आधी विचारलेत हे बरे केलेत. एकेक ओळ घेऊ.

'रूम्स ऑन रेंट' भारतभर दिसते आणि आपल्या लोकांना कळते. तुमचा गिऱ्हाईक बाहेरच्या देशातला असेल तर 'रूम्स फॉर रेंट'. 'टु लेट' लिहू नका, ती पाटी महिन्याच्या भाड्याने घर देणाऱ्याची आहे. दोन-चार रात्रींसाठी सर्वांत साधे 'रूम्स अव्हेलेबल'.

'वॉकेबल डिस्टन्स'च्या जागी 'विदिन वॉकिंग डिस्टन्स ऑव्ह द बीच'. आमच्या मते आकडा द्यावा: 'फाइव्ह मिनिट्स वॉक फ्रॉम द बीच'. चालत किती मिनिटे लागतात ते स्वतः घड्याळ लावून मोजा, कारण पुढे शेरे त्यावरच येतात.

न्याहारी 'इन्क्लुडेड इन द प्राइस'. 'इन्क्लुड'ला 'इन'च लागतो, 'इन्टु' कधीच नाही. 'रेंट' हा शब्दही इथे नको, पर्यटक 'प्राइस' किंवा 'रूम रेट' देतो.

'चेक-आउट टिल इलेव्हन' हे म्हापशाच्या पत्रातलेच दुखणे. खोली अकराच्या आत सोडायची आहे, म्हणून 'चेक-आउट बाय इलेव्हन एएम'. न्याहारी अकरापर्यंत मिळत असेल तर ती मात्र 'ब्रेकफास्ट सर्व्हड अंटिल इलेव्हन'. दोन्ही वेळा एकच असल्या तरी शब्द वेगळे.

'स्कूटर्स फॉर हायर' किंवा 'फॉर रेंट'. अनेकवचन विसरू नका, एकच स्कूटर असली तर गोष्ट वेगळी.

सवलत: 'टेन पर्सेंट ऑफ ऑन स्टेज ऑव्ह सेव्हन नाइट्स ऑर मोअर'. 'लाँग स्टे' किती लांब, ते लिहिले नाही तर दोन रात्रींचा पाहुणाही सवलत मागेल. 'डिस्काउंट' शब्द हवाच असेल तर तो वस्तूवर किंवा दरावर 'ऑन' घेतो, टक्क्यांसाठी 'ऑव्ह': 'अ डिस्काउंट ऑव्ह टेन पर्सेंट ऑन द रूम रेट'.

शेवटच्या ओळीत 'कॉन्टॅक्ट द ओनर', मध्ये 'टु' नाही. फोन क्रमांकापुढे 'कॉल' एवढे पुरे. 'कॉल अस ऑन' ही ब्रिटिश पद्धत, 'कॉल अस ॲट' अमेरिकन. 'कॉल टु' कुणाचीच नाही.

'ओव्हरलुकिंग द सी' लिहावेसे वाटले तर नुसतेच लिहा, 'टु द सी' जोडू नका. याच क्रियापदाचा दुसरा अर्थ दुर्लक्ष करणे असा आहे. पाहुणा शेऱ्यात 'द स्टाफ ओव्हरलुक्ड अवर रिक्वेस्ट' असे लिहून गेला तर ते कौतुक समजू नका.

प्रश्न: जहाजावरच्या नोकरीसाठी मुलाखत आहे. 'आय वर्क्ड इन शिप' म्हटले तर चालेल का? आमच्याकडे सगळे तसेच बोलतात.
(इच्छुक खलाशी, वास्को)

उत्तर: मुलाखत घेणारा समजून घेईल, पण जहाजाचा शब्दसंग्रह हीच तुमच्या अनुभवाची पहिली खूण आहे, तेव्हा तो नीट असावा. जहाजावर म्हणजे 'ऑन अ शिप' किंवा 'ऑन बोर्ड'. 'बोर्ड' हे क्रियापद केलेत तर 'ऑन' गळतो: 'आय बोर्डेड द शिप', 'बोर्डेड ऑन' नव्हे. जहाजाच्या आतल्या जागांना 'इन': 'इन द गॅली' (म्हणजे जहाजाचे स्वयंपाकघर), 'इन द केबिन', 'इन द इंजिन रूम'. उघड्या किंवा मंचासारख्या जागांना 'ऑन': 'ऑन डेक', आणि जिथून जहाज हाकतात तो ब्रिजही 'ऑन द ब्रिज'. 'इन द ब्रिज' म्हटले तर ऐकणाऱ्याला ते पुलात शिरल्यासारखे वाटेल.

काही जोड्या 'द' न लावता ठरलेल्या आहेत: 'ॲट सी', 'इन पोर्ट', 'ॲट अँकर', 'ऑन वॉच', 'ऑन ड्यूटी', 'ऑन लीव्ह'. 'ॲट द सी' म्हटलेत तर किनाऱ्यावर सहलीला गेल्यासारखे होते.

कंपनी, खाते आणि पद यांना तीन वेगळे शब्द लागतात: कंपनीला 'फॉर', खात्याला 'इन', पदाला 'ॲज'. 'आय वर्क्ड फॉर अ क्रूझ कंपनी, इन द गॅली, ॲज अ मेसमन' (मेसमन म्हणजे जेवणघरातला मदतनीस). कामावर रुजू होणे 'साइन ऑन', करार संपवून उतरणे 'साइन ऑफ'. बंदराला 'इन', तारखेला 'ऑन': 'आय साइन्ड ऑफ इन सिंगापूर ऑन फोर मार्च'. तुमच्या सीडीसीतल्या (खलाशाच्या नोंदपुस्तकातल्या) नोंदी समोर ठेवून अशी पाच-सहा वाक्ये मोठ्याने म्हणा. मुलाखतीत बहुतेक प्रश्न त्या नोंदींवरच फिरतात.

अनुभव सांगताना 'फाइव्ह इयर्स एक्स्पिरिअन्स इन हाउसकीपिंग' किंवा 'ॲज अ स्टुअर्ड'. आणि 'आय ॲम हॅविंग एक्स्पिरिअन्स' नको. 'आय हॅव'.

प्रश्न: 'डिस्कस अबाउट', 'ऑर्डर फॉर', 'एंटर इन्टु', 'रीच टु'. मुले चुकतातच, आणि खरे सांगायचे तर शिक्षकही. पाठ करण्याची यादी नको, कारण हवे.
(माध्यमिक शिक्षिका, फोंडा)

उत्तर: कारण आहे, आणि ते कळले की निम्मी यादी आपोआप सुटते. यातल्या बऱ्याच शब्दांची क्रियापदे आणि नामे दिसायला सारखी असतात. नामाला अव्यय लागते, क्रियापदाला लागत नाही. 'अ डिस्कशन अबाउट द फी' बरोबर, म्हणून 'डिस्कस अबाउट द फी' हेही कानाला बरोबर वाटते. जोड्या करून फळ्यावर लिहा. डावीकडे नाम: 'अ रिक्वेस्ट फॉर लीव्ह', 'ॲन ऑर्डर फॉर चेअर्स', 'ॲन आन्सर टु द लेटर', 'अ व्हिजिट टु द फोर्ट', 'एम्फसिस ऑन ग्रामर', 'ॲन अटॅक ऑन द व्हिलेज', 'लॅक ऑव्ह वॉटर', 'डिमांड फॉर फिश', 'कॉन्टॅक्ट विथ द पेरेंट्स'. उजवीकडे तेच क्रियापद करून, अव्यय पुसून: 'रिक्वेस्ट लीव्ह', 'ऑर्डर चेअर्स', 'आन्सर द लेटर', 'व्हिजिट द फोर्ट', 'एम्फसाइझ ग्रामर', 'अटॅक द व्हिलेज', 'लॅक वॉटर', 'डिमांड फिश', 'कॉन्टॅक्ट द पेरेंट्स'. मुलांनीच डाव्या बाजूचे शब्द खडूने पुसावेत. हाताने पुसलेले लक्षात राहते.

उरलेल्यांचे कारण मराठीत आहे. 'त्याच्याशी लग्न' यातला 'शी' 'मॅरी विथ' घडवतो. हवे 'शी मॅरीड हिम', किंवा स्थिती सांगायची तर 'शी इज मॅरीड टु हिम'. 'घरी पोहोचलो' यातून 'रीच्ड टु होम'. हवे 'रीच्ड होम', 'रीच्ड द स्कूल'. त्याच अर्थाचे 'अराइव्ह' मात्र अव्यय मागते: शहराला 'इन', ठिकाणाला 'ॲट', 'टु' कधीच नाही. 'त्याच्यावर रागावले' यातून 'अँग्री ऑन हिम'. हवे 'अँग्री विथ हिम', आणि गोष्टीवर राग असेल तर 'अँग्री अबाउट इट'.

उलट्या बाजूची चूकही तितकीच पसरलेली आहे. 'एक्स्प्लेन मी' आणि 'सजेस्ट मी' ही दोन्ही 'मला सांगा'च्या साच्यावर बेतलेली. 'टेल मी' चालते म्हणून हीही चालतील असे वाटते. ती चालत नाहीत: 'एक्स्प्लेन इट टु मी', 'सजेस्ट अ बुक टु मी'. 'से'सुद्धा याच पंगतीतले: 'ही सेड टु मी', पण 'ही टोल्ड मी'.

अपवाद मोजके, पण सांगून ठेवा. खोलीत 'एंटर द रूम', करारात मात्र 'एंटर इन्टु ॲन अग्रीमेंट'. सभेला 'अटेंड द मीटिंग', आजाऱ्याकडे लक्ष देणे 'अटेंड टु द पेशंट'. शब्दकोशात पाहायची वेळ आली तर मुलांना अव्यय शोधायला लावू नका, क्रियापद शोधायला सांगा. शिकणाऱ्यांसाठी केलेल्या शब्दकोशांत क्रियापदाखालीच त्याला कुठले अव्यय लागते ते उदाहरणासकट दिलेले असते.

प्रश्न: 'ऑन दिवाळी' की 'ॲट दिवाळी'? आणि 'ऑन लास्ट फ्रायडे' का चूक?
(बारावीचा विद्यार्थी, डिचोली)

उत्तर: घड्याळाला 'ॲट', दिवसाला आणि तारखेला 'ऑन', महिन्याला आणि वर्षाला 'इन'. 'गोवा वॉज लिबरेटेड ऑन नाइन्टीन डिसेंबर १९६१', पण 'गोवा बिकेम अ स्टेट इन १९८७'. तारीख सांगितलीत, ३० मे, की लगेच 'ऑन'.

'इन द मॉर्निंग' म्हणतात, पण सकाळीला वार चिकटला की 'ऑन फ्रायडे मॉर्निंग'. रात्रीला मात्र नुसते 'ॲट नाइट', मध्ये 'द' नाही.

सणाचे दिवस अनेक असतील तर ब्रिटिश पद्धतीत 'ॲट दिवाळी', त्यातला एकच दिवस असेल तर 'ऑन'. आणि 'चतुर्थीला घरी जाणार' यातला 'ला' वेळेचा नाही, निमित्ताचा आहे. म्हणून 'आय ॲम गोइंग होम फॉर चतुर्थी'. हे वाक्य गोव्यात दरवर्षी हजारो रजेच्या अर्जांत लागत असेल, तेव्हा नीट पाठ करा.

'लास्ट', 'नेक्स्ट', 'धिस', 'एव्हरी' यांच्यापुढे 'ऑन', 'इन', 'ॲट' सगळे गळतात. 'आय वेंट टु म्हापसा लास्ट फ्रायडे'. बस.

प्रश्न: दोघांत 'बिट्वीन', दोनांहून अधिकांत 'अमंग'. हा नियम पक्का ना?
(काणकोण)

उत्तर: अर्धा पक्का. वेगवेगळे, नावानिशी मोजलेले पक्ष असतील तर ते तीन असले तरी 'बिट्वीन'च: 'द डिस्प्यूट बिट्वीन गोवा, कर्नाटक अँड महाराष्ट्र ओव्हर द म्हादई'. घोळक्याला 'अमंग': 'अमंग द फार्मर्स'. खरी नेहमीची चूक वेगळीच आहे: 'बिट्वीन टेन टु ट्वेल्व्ह'. 'बिट्वीन'चा जोडीदार 'अँड', 'फ्रॉम'चा जोडीदार 'टु'.

प्रश्न: परदेशी कंपनीला ईमेल लिहिते. 'काइंडली रिव्हर्ट', 'डू द नीडफुल', 'प्रीपोन', 'आय पास्ड आउट इन २०२२' हे सगळे चूक म्हणायचे का?
(नोकरीच्या शोधात, पणजी)

उत्तर: चूक म्हणण्यापेक्षा, कुणाला लिहिता ते पाहा. भारतीय कचेऱ्यांत हे सगळे रुळलेले आहे आणि त्याची लाज बाळगायचे कारण नाही. बाहेर मात्र 'पास्ड आउट' पहिल्यांदा काढा, कारण तिथे त्याचा अर्थ बेशुद्ध पडले असा होतो. 'आय ग्रॅज्युएटेड इन २०२२' लिहा. 'रिव्हर्ट' म्हणजे पूर्वस्थितीला जाणे, उत्तरासाठी 'रिप्लाय'. 'डू द नीडफुल'च्या जागी नेमके काय करायचे तेच लिहा. ते सभ्यही दिसते आणि काम लवकर होते.

'प्रीपोन' सोयीचा शब्द आहे, पण बाहेर 'ब्रिंग फॉरवर्ड' म्हणतात. 'मूव्ह फॉरवर्ड' टाळा. सभा अलीकडे घेतली की पलीकडे ढकलली, याबद्दल खुद्द इंग्रजी भाषकांतही दोन मते होतात. दिवस आणि वेळ दोन्ही लिहून टाका: 'फ्रॉम थर्सडे टु ट्यूजडे, ॲट थ्री पीएम'.

तुम्ही विचारलेले नाही, पण अशा ईमेलच्या शेवटी हमखास येते ते 'आय लुक फॉरवर्ड टु हिअर फ्रॉम यू'. इथला 'टु' क्रियापदाचा नाही, तो शब्दयोगी आहे, म्हणून त्याच्यामागून नाम किंवा 'इंग'चे रूप हवे: 'टु हिअरिंग फ्रॉम यू'. आणि अर्ज कंपनीकडे 'टु', पदासाठी 'फॉर': 'आय अप्लाइड टु द कंपनी फॉर द पोस्ट'. 'विथ रिगार्ड्स टु' यातला शेवटचा 'स' पुसा: 'विथ रिगार्ड टु'.

प्रश्न: निघताना आपण 'येतो हं' म्हणतो. ऑफिसातून निघताना मी 'आय ॲम कमिंग' म्हटले, तर परदेशी सहकारी माझी वाट पाहत थांबला. त्याला काय सांगायला हवे होते?
(वाचक, पर्वरी)

उत्तर: 'आय ॲम लीव्हिंग' किंवा 'आय ॲम ऑफ'. 'कमिंग' म्हणजे ऐकणाऱ्याच्या दिशेने येणे. तो खाली गाडीशी उभा असेल आणि तुम्ही जिना उतरत असाल, तेव्हा ते म्हणा. 'ब्रिंग' आणि 'टेक' यांचाही हाच हिशेब: त्याच्याकडे आणायचे ते 'ब्रिंग', त्याच्यापासून दूर न्यायचे ते 'टेक'. परत येणार असाल तर 'आय विल बी बॅक इन टेन मिनिट्स', आणि दहाच मिनिटांत या.